सावधगिरीच्या उपदेशाने घरचा संगणक सुरक्षित होत नाही

पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या गावात घरच्या संगणकात व्हायरस शिरला की त्याच्या कारणाबद्दल लगेच एकमत होते : कुणीतरी नको तिथे क्लिक केले. दुरुस्तीच्या दुकानात हेच ऐकायला मिळते, घरातली मोठी माणसे हेच बोलतात आणि ज्याच्या हातून ते घडले तो मुलगा किंवा ती सूनही मान खाली घालून ते कबूल करते. मग संगणकाला ‘फॉरमॅट मारला’ जातो, नव्याने विंडोज चढते, एखादा अँटिव्हायरस टाकला जातो आणि ‘आता जपून वापरा’ असे सांगून संगणक घरी पाठवला जातो. ब्राउझर मात्र पहिल्यासारखाच उघडा राहतो. ज्या वाटेने मालवेअर आले, ती वाट कुणी बुजवलेली नसते.

हे निदान मला उथळ वाटते. सावधगिरी नको असे मी म्हणत नाही. पण वापरणाऱ्याच्या सावधगिरीवर उभी केलेली सुरक्षा पहिल्याच दमलेल्या संध्याकाळी कोसळते. म्हणून या लेखातले माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. ब्राउझरमध्ये विश्वासू जाहिरात-रोधक, म्हणजे बोलीतला ‘अ‍ॅडब्लॉकर’, बसवणे हा घरगुती वापरकर्त्याच्या संरक्षणाचा पायाभूत उपाय आहे. विंडोज आणि ब्राउझर अद्ययावत ठेवण्याइतकेच त्याचे महत्त्व आहे. आणि तो बसवण्याची जबाबदारी आजीवर, शाळकरी मुलावर किंवा कास्तकारावर टाकता येणार नाही. जो संगणक विकतो, जोडून देतो किंवा शिकवतो, त्याने ती घ्यायला हवी.

१. ‘बघून क्लिक करा’ या सल्ल्यात काय चुकते

या सल्ल्यात तीन गृहीतके दडलेली आहेत आणि तिन्ही कच्ची आहेत.

पहिले गृहीतक असे की खरे आणि खोटे यांतला फरक डोळ्यांना दिसतो. तो नेहमी दिसत नाही. २०२४ च्या जुलैमध्ये गुगलच्याच ‘ऑथेंटिकेटर’ या सुरक्षा-साधनाच्या नावाने एक जाहिरात गुगलच्या शोधनिकालात वर झळकत होती. ती गुगलच्या स्वतःच्या जाहिरात व्यवस्थेतून आलेली होती, तिच्यावर पत्ताही गुगलचाच दिसत होता आणि क्लिक केल्यावर माहिती चोरणारे मालवेअर उतरत होते. हा फरक ओळखायला प्रशिक्षित माणसालाही थांबून तपासावे लागते. दहावीच्या निकालाचे पान घाईघाईने शोधणाऱ्या पालकाकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

दुसरे गृहीतक असे की सावधपणा दिवसभर सारखाच टिकतो. एका तासाच्या वापरात माणूस पानावरच्या कितीतरी गोष्टींबद्दल ‘हे दाबायचे की नाही’ असा निर्णय घेत असतो. हल्लेखोराला त्यांतला एक चुकीचा निर्णय पुरतो, वापरणाऱ्याला मात्र सगळेच बरोबर घ्यावे लागतात. असा सामना कितीही जनजागृती केली तरी बरोबरीचा होत नाही.

तिसरे गृहीतक, म्हणजे फसला तर दोष वापरणाऱ्याचाच, हे सर्वांत घातक आहे. दोष वापरणाऱ्याचा मानला की त्याला लाज वाटते आणि लाज वाटली की तो गप्प बसतो. बँक खात्यातून पैसे गेले तर १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर जितक्या लवकर तक्रार होईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. पण ‘तुझीच चूक’ हे ऐकावे लागेल या भीतीने तो मौल्यवान वेळ घरातल्या घरात निघून जातो. म्हणजे सावधगिरीचा उपदेश नुकसान टाळण्यात अपुरा पडतो आणि नुकसानीनंतरच्या मदतीच्या आडही येतो.

सार्वजनिक आरोग्यात आपण हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. नगरपरिषद प्रत्येक घराला ‘पाणी पारखून प्या’ असे सांगून हात झटकत नाही. ती टाकीतच क्लोरीन टाकते. संगणकाच्या बाबतीतही धोका माणसापर्यंत पोहोचण्याआधी कमी करणे हेच पहिले काम आहे.

२. एक पान उघडले की कोण कोण आत येते

वापरणाऱ्याची समजूत अशी असते की आपण एका संकेतस्थळावर गेलो. प्रत्यक्षात जाहिरातींवर चालणारे एखादे पान उघडले की ब्राउझर त्या एका पत्त्याबरोबर अनेक परक्या सर्व्हरांशी बोलू लागतो. त्यांत कुणी जाहिरात पुरवणारा असतो, कुणी वाचकाचा माग ठेवणारा, कुणी जाहिरातीच्या जागेचा लिलाव करणारा. पान उघडत असतानाच, सेकंदाच्या एका अंशात, त्या रिकाम्या चौकटीचा लिलाव होतो आणि जो जास्त पैसे देतो त्याचा मजकूर तिथे येऊन बसतो. हा मजकूर नुसते चित्र असेलच असे नाही. बहुतेकदा तो स्क्रिप्ट असतो, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, संकेतस्थळाच्या संपादकाला आपल्या पानावर या क्षणी कोणती जाहिरात दिसते आहे हे ठाऊक नसते. छापील दैनिकात जाहिरात विभागाच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक चौकटही छापली जात नाही. इथे मात्र त्याच पानावर दोन वाचकांना दोन वेगळ्या जाहिराती दिसतात आणि संपादकाने दोन्ही पाहिलेल्या नसतात. दुसरी गोष्ट, फसवणाऱ्याला वाचक निवडता येतो. तो तपासणाऱ्या यंत्रणेला साधे, निरुपद्रवी पान दाखवतो आणि विशिष्ट देशातल्या, विशिष्ट प्रकारच्या संगणकावरच्या वाचकाला सापळ्याचे पान दाखवतो. तपासणीत काही सापडत नाही आणि घरात मात्र संगणक बिघडतो, यामागे अनेकदा हेच कारण असते.

जाहिरात-रोधक या साखळीच्या पहिल्याच कडीवर काम करतो. त्याच्याकडे जाहिरात आणि माग काढणाऱ्या सर्व्हरांच्या, तसेच मालवेअर पसरवणाऱ्या पत्त्यांच्या याद्या असतात. पानाने त्यांतल्या एखाद्या पत्त्याकडे विनंती पाठवायचा प्रयत्न केला की ती विनंती संगणकाबाहेर पडतच नाही. जे आलेच नाही ते तपासावे लागत नाही आणि त्यावर चुकून क्लिकही होत नाही. अशा याद्यांपैकी ‘ईझीलिस्ट’ २००५ पासून स्वयंसेवकांच्या हातून वाढत आली आहे. रेमंड हिल यांचा ‘युब्लॉक ओरिजिन’ २०१४ मध्ये आला. तो विनामूल्य आहे आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो.

३. ‘आम्ही चांगल्याच साइट उघडतो’ हा भ्रम

धोका फक्त आडवाटेच्या संकेतस्थळांवर असतो, ही समजूत घराघरांत पक्की आहे. इतिहास वेगळे सांगतो. २००९ च्या सप्टेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संकेतस्थळावर एका इंटरनेट-टेलिफोन कंपनीच्या नावाने जाहिरात घेतली गेली. काही दिवस ती सरळ दिसली आणि मग तिच्या जागी ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असे बजावून बनावट अँटिव्हायरस गळ्यात मारणारा मजकूर येऊ लागला. २०१३ संपून २०१४ सुरू होताना याहूच्या जाहिरात सर्व्हरवरून युरोपातल्या वाचकांकडे मालवेअर गेले. ‘फॉक्स-आयटी’ या डच कंपनीचा अंदाज असा होता की त्या काळात ताशी सुमारे २७,००० संगणक बाधित होत होते. त्यासाठी वाचकाने क्लिक करण्याचीही गरज नव्हती. पान उघडणे आणि संगणकावर जावाची जुनी आवृत्ती असणे एवढे पुरत होते. २०१६ च्या मार्चमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘बीबीसी’, ‘एमएसएन’ अशा नामवंत पानांवरच्या जाहिरातींतून खंडणीखोर मालवेअरपर्यंत नेणारे सापळे पसरले.

त्यानंतर मोठ्या सुरक्षा यंत्रणांनी काय सल्ला दिला, हे आपल्याकडे फारसे पोहोचलेले नाही. अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये तिथल्या सरकारी कार्यालयांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत जाहिरात-रोधक बसवण्याचा विचार करायला सांगितले. २१ डिसेंबर २०२२ रोजी एफबीआयने सामान्य नागरिकांसाठी इशारा काढला. गुन्हेगार शोधनिकालांतल्या जाहिराती विकत घेऊन नामवंत कंपन्यांची सोंगे घेत आहेत, असे त्यात म्हटले होते आणि उपायांमध्ये शोध घेताना जाहिरात-रोधक वापरावा असे स्पष्ट लिहिले होते. ज्या साधनाला आपल्याकडे ‘यूट्यूबच्या जाहिराती घालवायची युक्ती’ समजले जाते, त्याची शिफारस एक तपास यंत्रणा गुन्हेप्रतिबंधक म्हणून करते आहे. हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

४. हल्ल्याची तऱ्हा बदलली, गरज वाढली

इथे जाणकार वाचक एक रास्त मुद्दा काढेल. २०१४-१६ चे ते दिवस गेले, ब्राउझरमधले फ्लॅश हे प्लगइन ३१ डिसेंबर २०२० ला संपले, ब्राउझर स्वतःहून अद्ययावत होतात, पान उघडताच बाधा होण्याचे प्रकार पुष्कळ कमी झाले. हे खरे आहे. पण त्यातून जाहिरात-रोधक कालबाह्य झाला असा निष्कर्ष निघत नाही. यंत्रातली भोके बुजत गेली म्हणून हल्लेखोर माणसाकडे वळला, एवढेच त्यातून सिद्ध होते.

आजचे सापळे ओळखीचे आहेत. फुकट सॉफ्टवेअरच्या पानावर तीन ‘डाउनलोड’ बटणे असतात आणि त्यांतली दोन जाहिराती असतात. व्हीएलसी, सेव्हन-झिप अशा घरोघरी लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नावाने शोधनिकालाच्या माथ्यावर बनावट जाहिराती येऊन गेल्या आहेत. ‘व्हिडिओ पाहण्यासाठी अलाउ दाबा’ असे सांगून पान नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळवते आणि मग संगणकाच्या कोपऱ्यात दिवसरात्र ‘व्हायरस सापडला’, ‘बँक खाते बंद होणार’ असे खोटे इशारे उगवत राहतात. अलीकडचा प्रकार तर आणखी धीट आहे. ‘मी रोबो नाही’ हे सिद्ध करण्याच्या बहाण्याने पान वाचकालाच विंडोजचे बटण आणि ‘आर’ दाबून एक ओळ चिकटवायला लावते आणि वाचक स्वतःच्या हाताने मालवेअर चालू करतो.

या सगळ्या सापळ्यांत मन वळवणारा मजकूर डोळ्यांपुढे यावा लागतो आणि तो पुष्कळदा जाहिरातीच्या वाटेने येतो. मायक्रोसॉफ्टने २०२५ च्या मार्चमध्ये सांगितलेले प्रकरण याचा ठळक पुरावा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये लक्षात आलेल्या त्या मोहिमेत जगभरातल्या सुमारे १० लाख उपकरणांना झळ पोहोचली होती आणि तिचा उगम चोरून चित्रपट दाखवणाऱ्या संकेतस्थळांवरच्या जाहिरातींत होता. त्या बाधित संगणकांत कंपन्यांचे होते तसे घरगुतीही होते. माणूस हाच आता लक्ष्य आहे, तर त्याच्या डोळ्यांपुढचा फसवा मजकूर कमी करणारे साधन पूर्वीपेक्षा अधिक मोलाचे ठरते.

५. केळापूर तालुक्यातल्या घरात हा धोका कसा दिसतो

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्यालय. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे, कापसाचे, जिनिंगचे गाव आणि पलीकडे तेलंगणातले आदिलाबाद. इथल्या घरातला संगणक मुख्यतः चार कामांना लागतो आणि या चारही कामांत जाहिरातींनी गच्च भरलेली पाने उघडावी लागतात.

पहिले काम सरकारी अर्ज. महाडीबीटीवरची योजना, सातबारा, शिष्यवृत्ती, भरतीचा अर्ज. मूळ सरकारी संकेतस्थळावर जाहिराती नसतात. पण तिथे पोहोचण्याआधी माणूस शोध घेतो आणि निकालात आधी भेटतात ‘संपूर्ण माहिती मराठीत’ देणारी खासगी पाने आणि कधीकधी चक्क नकली पाने. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या काळात लोकांना बनावट संकेतस्थळांपासून सावध करावे लागले होते. कापसाच्या हमीभाव खरेदीसाठी भारतीय कापूस महामंडळाने २०२५ च्या हंगामात ‘कपास किसान’ ॲपवरून नोंदणी सुरू केली. अशी प्रत्येक नवी सक्तीची नोंदणी म्हणजे घाईत शोध घेणाऱ्यांची नवी गर्दी आणि जिथे गर्दी तिथे सोंगे.

दुसरे काम या अर्जांची पूर्वतयारी. फोटो ठरावीक केबीत बसवणे, पीडीएफ लहान करणे, कृतिदेवमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणे, प्रिंटरचा ड्रायव्हर शोधणे. खोट्या ‘डाउनलोड’ बटणांचा सुळसुळाट याच प्रकारच्या पानांवर सर्वाधिक असतो. विद्यार्थी, शिक्षक, सेतू केंद्रावरचा मुलगा हे सगळे त्या पानांवर रोज जातात, कारण त्यांना दुसरा इलाज नसतो. ‘संशयास्पद साइटवर जाऊ नका’ हा सल्ला त्यांना लागू करायचा तर कामच बंद ठेवावे लागेल.

तिसरे काम करमणूक. हिंदी, मराठी आणि सीमेमुळे तेलुगू चित्रपटही. अनेक घरांत ते फुकटच्या संकेतस्थळांवरून पाहिले जातात. ही चोरी आहे आणि ती करू नये, हे निःसंशय. पण घरातल्या एकाने रात्री चित्रपट पाहिला म्हणून त्याच संगणकावरून सकाळी बँकेचे काम करणाऱ्या दुसऱ्याने बचत गमवावी, ही त्याची शिक्षा असू शकत नाही.

चौथे काम बाजारभाव आणि बातम्या. कापूस, सोयाबीन, तुरीचे भाव देणाऱ्या कितीतरी छोट्या पानांवर मजकूर दोन ओळींचा आणि जाहिराती पाच. भाव पाहायला आलेला माणूस मजकूर शोधत खाली सरकतो आणि वाटेत बोट भलतीकडे पडते.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. एक, संगणक एकच असतो आणि तो सगळे कुटुंब, कधी शेजारीही वापरतात. तेव्हा सुरक्षा घरातल्या सर्वांत जाणत्या माणसाच्या पातळीवर ठरत नाही, सर्वांत अजाण माणसाच्या पातळीवर ठरते. दोन, यंत्र जुने असते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि असे संगणक घरांतून लगेच हद्दपार होणार नाहीत. जुन्या यंत्रावर जाहिरात-रोधकाचा दुहेरी लाभ होतो : धोका घटतो आणि पाने हलकी होऊन लवकर उघडतात, डेटाही वाचतो. सुरक्षेची बहुतेक साधने संगणक मंद करतात. हे एक साधन असे आहे की बसवल्यावर माणसाला संगणक सुधारल्यासारखा वाटतो, म्हणून ते काढून टाकले जात नाही. सुरक्षेत टिकाऊपणाला फार किंमत असते.

६. आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप : अँटिव्हायरस आहे ना? आहे आणि असावाच. विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरासाठी पुरेसा चांगला आहे. पण अँटिव्हायरसचे मुख्य काम फाइल संगणकावर उतरल्यानंतर किंवा उतरताना सुरू होते आणि रोज बदलणाऱ्या नव्या मालवेअरची ओळख पटायला वेळ लागतो. शिवाय ग्राहक सेवेच्या नावाने दिलेल्या खोट्या फोन क्रमांकात कुठली फाइलच नसते, तिथे अँटिव्हायरस काय पकडणार? दोन्ही साधनांची कामे वेगळी आहेत.

दुसरा आक्षेप : जाहिरात कंपन्या वाईट जाहिराती काढतातच. काढतात. गुगलने २०२४ या एका वर्षात ५१० कोटी जाहिराती काढल्या किंवा अडवल्याचे आणि ३.९२ कोटी जाहिरातदार खाती निलंबित केल्याचे स्वतः जाहीर केले. हे आकडे दिलासा म्हणून सांगितले जातात. मला त्यांत धोक्याचा आकार दिसतो. एवढा लोंढा येत असताना गाळणीतून निसटणारा लहानसा भागही लाखो घरांना पुरून उरेल. आणि ज्या कंपनीचे उत्पन्न जाहिरातींवर आहे तिच्या गाळणीवर घराने सर्वस्वी विसंबावे, हे शहाणपणाचे नाही.

तिसरा आक्षेप : जाहिराती अडवल्या तर बातम्या देणाऱ्यांनी जगायचे कसे? हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे, कारण तो नैतिक आहे. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या बातम्या देणारी छोटी मराठी पोर्टल्स जाहिरातींवरच तग धरून आहेत आणि ती जगली पाहिजेत. पण वाचकाने बातमीसाठी काय मोजावे, याला मर्यादा आहे. वाचकाने लक्ष द्यावे, हवी तर वर्गणी द्यावी. अनोळखी लिलावातून आलेल्या परक्या प्रोग्रामला स्वतःच्या संगणकात जागा देणे हा बातमीचा दर असू शकत नाही. २०१६ च्या जानेवारीत ‘फोर्ब्स’ने वाचकांना रोधक बंद करायला लावले आणि तसे केलेल्या एका सुरक्षा-संशोधकाला त्या पानावर फसव्या पॉप-अप जाहिराती भेटल्या. हा करार एकतर्फी आहे. यावर मार्ग आहे. गावातल्या कापड दुकानाची, कृषी केंद्राची जाहिरात पोर्टलने थेट घ्यावी आणि साध्या चित्राच्या रूपात आपल्याच पानावर लावावी. अशी जाहिरात रोधकांच्या यादीत सहसा अडकत नाही, तिचे पैसे मधल्या दलालांना जात नाहीत आणि संपादक तिच्याबद्दल उत्तरदायी राहतो. ज्या पोर्टलवर विश्वास आहे त्याच्यापुरता रोधक बंद ठेवण्याची सोयही असतेच. पण तो विश्वास वाचकाने ठरवावा आणि मूळ अवस्था ‘जाहिराती बंद’ अशी असावी.

चौथा आक्षेप : रोधक म्हणून ब्राउझरला जोडलेले एक्स्टेन्शनच मालवेअर निघाले तर? ही भीती खरी आहे. रोधकाला प्रत्येक पान वाचण्याचा अधिकार मिळतो. २०२० मध्ये ‘नॅनो अ‍ॅडब्लॉकर’ हे लोकप्रिय एक्स्टेन्शन मूळ निर्मात्याने विकले आणि नव्या मालकांनी त्यात वापरणाऱ्यांची माहिती उचलणारा कोड घातला. प्रसिद्ध रोधकांची नावे चोरून केलेली बनावट एक्स्टेन्शन्सही क्रोमच्या दुकानात सापडली आहेत. म्हणूनच निवड घरातल्या मुलावर सोडू नये, असे मी म्हणतो. जाणकाराने नाव तपासून, उघड कोड असलेले, दीर्घकाळ नीट सांभाळले गेलेले एकच एक्स्टेन्शन बसवावे आणि बाकीची काढावीत. धोका शून्य होत नाही. पण एका तपासलेल्या साधनावर विश्वास टाकणे, हे पानागणिक डझनभर अनोळखी सर्व्हरांवर विश्वास टाकण्यापेक्षा निश्चितच कमी धोक्याचे आहे.

पाचवा आक्षेप : लोक संगणक वापरतात कुठे? सगळे मोबाइलवर आहे. बरोबर आहे आणि माझ्या मांडणीची खरी मर्यादा इथे आहे. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाही. मात्र फायरफॉक्स मोबाइलवर युब्लॉक ओरिजिन चालवतो आणि ब्रेव्ह या ब्राउझरमध्ये रोधक मुळातच असतो. अँड्रॉइड ९ पासून फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सोय आहे. तिथे अ‍ॅडगार्डसारख्या सेवेचा पत्ता लिहिला की ॲपमधल्याही पुष्कळ जाहिराती थांबतात. डीएनएसला शोधनिकालातल्या जाहिराती लपवता येत नाहीत, म्हणून दोन्ही करावे. व्हॉट्सॲपवरून ‘आरटीओ चलन’ किंवा ‘पीएम किसान’ अशा नावाने येणाऱ्या एपीके फाइलींना मात्र जाहिरात-रोधक अडवू शकत नाही. तिथे अनोळखी ॲप बसवण्याची परवानगी बंद ठेवणे हाच उपाय. एका औषधाने सगळे रोग बरे होत नाहीत म्हणून ते औषध टाकून देण्याचे कारण नाही.

सहावा आक्षेप : क्रोमने तर चांगले रोधक बंदच केले. क्रोमने २०२४ पासून टप्प्याटप्प्याने एक्स्टेन्शनची जुनी पद्धत काढली आणि २०२५ मध्ये मूळ युब्लॉक ओरिजिन त्यावर चालेनासा झाला. त्याची ‘लाइट’ आवृत्ती क्रोमवर चालते. ती थोडी कमी ताकदीची आहे, पण काही नसण्यापेक्षा कितीतरी बरी. पूर्ण संरक्षण हवे असेल तर फायरफॉक्स वापरावा. ब्राउझर बदलणे हे घराच्या हातातले काम आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

सातवा आक्षेप : सरकारी आणि बँकेची पाने बिघडतात. क्वचित बिघडतात. त्या एका पानापुरता रोधक बंद करायला एक क्लिक लागते आणि हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवता येते. बँकांच्या बाबतीत आता आणखी एक आधार आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर जायला सांगितले. तो पत्ता बुकमार्क करून ठेवला की बँक शोधनिकालातून शोधण्याची गरजच उरत नाही.

७. कायदा आहे, पण तो उशिरा पोहोचतो

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’बद्दलची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत १३ फसव्या प्रकारांची यादी आहे. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ अशी खोटी भीती घालून पैसे उकळणे हा प्रकार तिच्यात आहे आणि जाहिरातीला बातमीचे किंवा बटणाचे रूप देणेही आहे. म्हणजे वर वर्णिलेले बरेचसे प्रकार आपल्या व्यवस्थेने अनुचित ठरवले आहेत. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. फसवणारा दुसऱ्या खंडात, लिलाव तिसऱ्या देशात आणि तक्रारदार केळापूर तालुक्यात. जाहिरातीच्या लिलावातून पैसा मिळवणाऱ्या प्रत्येक दुव्याला आर्थिक दंड बसेपर्यंत हे चालू राहील आणि तशी जबाबदारी ठरवण्याची मागणी आपण केलीच पाहिजे. पण त्या मागणीच्या यशाची वाट पाहत घर उघडे ठेवता येत नाही.

८. जबाबदारी कुणाची आणि काय करायचे

महाराष्ट्रात या कामासाठी नवे खाते उभारावे लागणार नाही. २००१ पासून एमएस-सीआयटीची केंद्रे तालुक्यांच्या गावांपर्यंत पोहोचली आहेत. सेतू आणि आपले सरकार केंद्रे आहेत. शाळांत संगणक कक्ष आहेत. आणि प्रत्येक बाजारपेठेत संगणक दुरुस्तीची दुकाने आहेत, ज्यांच्या हातून जवळपास प्रत्येक घरचा संगणक कधी ना कधी जातो. यांनी एवढेच ठरवावे :

एक, संगणक ग्राहकाच्या हाती देताना फायरफॉक्स आणि युब्लॉक ओरिजिन बसवून द्यावे. ग्राहकाने क्रोमचाच आग्रह धरला तर ‘लाइट’ आवृत्ती बसवावी. नाव आणि निर्माता तपासूनच.

दोन, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशनची परवानगी मागू नये’ हा पर्याय चालू करावा. अर्ध्या मिनिटाच्या या कामाने खोट्या इशाऱ्यांचा मोठा उगम बंद होतो.

तीन, घरच्यांना बँक, महाडीबीटी, महाभूमी यांचे खरे पत्ते बुकमार्क करून द्यावेत आणि ग्राहक सेवेचा क्रमांक शोधनिकालातून न घेता पासबुकावरून किंवा कार्डावरून घ्यायला सांगावे.

चार, रोज वापरायचे खाते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे नसावे, म्हणजे चुकीच्या क्लिकनंतरही मालवेअरला सगळ्या यंत्राचा ताबा मिळणे अवघड जाते.

पाच, जाताना १९३० हा क्रमांक संगणकावर चिकटवावा आणि एक वाक्य सांगावे : फसलात तर लाजू नका, आधी फोन करा.

या पाच गोष्टींना मिळून अर्धा तास लागतो आणि त्यासाठी रुपयाही पडत नाही. दुकानदाराने याचे वेगळे शंभर-दोनशे रुपये घेतले तरी ते रास्त ठरतील, कारण तो ग्राहकाला खरोखर उपयोगाची सेवा देत असेल.

संगणक शिकवणाऱ्यांना, विकणाऱ्यांना आणि दुरुस्त करणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी कुणी मान खाली घालून बिघडलेला संगणक घेऊन आला तर ‘कुठे क्लिक केले?’ हा प्रश्न विचारू नका. त्याच्या ब्राउझरमध्ये जाहिरात-रोधक होता का, हे आधी बघा. नसेल तर चूक त्याची नाही. ज्याने तो संगणक असा उघडा त्याच्या हाती दिला, त्याची आहे.